शून्य फॉस्फेटचा हट्ट

टाकीच्या काचेवर दोन दिवसांत शेवाळाचा थर धरू लागला की रीफ टँकवाला, म्हणजे घरी खाऱ्या पाण्यात प्रवाळ पाळणारा हौशी, दुकान गाठतो आणि विचारतो, ‘फॉस्फेटसाठी कुठलं मीडिया घेऊ?’ शेवाळ फॉस्फेटवर पोसतं, आणि मीडिया म्हणजे पाण्यातलं फॉस्फेट काढून घेणारा पदार्थ. दुकानदार फळीवर असेल ते काढून देतो. पाण्यात फॉस्फेट मुळात आहे किती, हे बहुतेक वेळा दोघांनाही ठाऊक नसतं.

आधी हिशेब मांडू. माशांच्या कोरड्या खाद्यात 1 टक्का फॉस्फरस धरला, तर रोजच्या 1 ग्रॅम खाद्याबरोबर सुमारे 30 मिलिग्रॅम फॉस्फेट टाकीत जातं. 200 लिटर पाण्यात ते लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम होतं, आणि तेही रोज. उघड्या समुद्रात प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात हे प्रमाण अनेकदा 0.02 च्याही खाली असतं. टाकीत काही भाग मासे आणि शेवाळ वापरतात, काही स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, बाहेर काढतो. उरलेल्याची सोय मात्र मालकाला लावावी लागते.

बाजारात सर्वाधिक चालतात ते लोहाचे तपकिरी दाणे. त्यांचा जन्म मत्स्यालयात झालेला नाही. 1990 च्या दशकात बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात पिण्याच्या पाण्यातलं आर्सेनिक काढण्यासाठी असे दाणे तयार झाले. आर्सेनेट आणि फॉस्फेट रसायनशास्त्रात जवळचे भाऊबंद, त्यामुळे लोह दोघांनाही धरून ठेवतं. आर्सेनिक काढणाऱ्यांच्या दृष्टीने फॉस्फेट ही मधली लुडबुड. रीफवाल्यांचं काम नेमकं त्या लुडबुडीवरच चालतं.

हे दाणे आधी आरओच्या पाण्यात खळखळून धुवावेत, नाहीतर टाकी गंजाच्या रंगाची होते. रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे दाण्यांतून पाणी फिरवणाऱ्या नळकांड्यात, प्रवाह इतकाच ठेवावा की वरचा थर नुसता थरथरेल. दाणे उकळल्यासारखे फिरू लागले तर एकमेकांवर घासून त्यांची भुकटी होते आणि ती प्रवाळांवर जाऊन बसते. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यातलं फॉस्फेट आत जाणाऱ्या पाण्याइतकंच भरलं, की दाणे संपले असं समजावं. अमुक आठवड्यांनी बदला, या पाकिटावरच्या सूचनेपेक्षा ही खूण भरवशाची.

पांढऱ्या अ‍ॅल्युमिनाच्या गोळ्या वापरायला सोप्या. रिअ‍ॅक्टर नको, जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेल्या छोट्या टाकीत, ठेवल्या की झालं. पश्चिम बंगालमध्ये हातपंपाच्या पाण्यातलं आर्सेनिक काढायलाही अ‍ॅल्युमिना वापरला गेला आहे. पण खाऱ्या पाण्यात त्यातून थोडं अ‍ॅल्युमिनियम सुटू शकतं आणि लेदर कोरलसारखे मऊ प्रवाळ आखडून बसतात. अशा टाकीत तो न घातलेलाच बरा.

लॅन्थॅनम क्लोराइड हा द्रव जलतरण तलावांच्या दुनियेतला. स्वस्त आणि भयंकर वेगवान. फॉस्फेटशी गाठ पडताच त्याचा बारीक पांढरा साका होतो. तो 5 ते 10 मायक्रॉनच्या गाळणीत अडकला नाही तर माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोहोचतो. टँग जातीचे मासे त्याने धापा टाकू लागल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. मोठ्या मत्स्यालयांना हा द्रव परवडतो, कारण तिथे लक्ष ठेवायला माणसं असतात. घरच्या टाकीत नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

खरा धोका मात्र मीडियाने काम चोख करण्यात आहे. फॉस्फेट जास्त झालं तर प्रवाळाचा सांगाडा घडण्यात अडथळा येतो, हे बरोबर. पण साउथहॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग विडेनमन यांच्या गटाने 2013 मध्ये दाखवून दिलं, की नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेटचा दुष्काळ अशी स्थिती झाली तर उष्णता आणि प्रखर प्रकाशात प्रवाळ अधिक सहज पांढरे पडतात. म्हणजे पूर्ण मात्रा एकदम ओतून रातोरात शून्य गाठणारा हौशी माणूस पैसे मोजून आजार विकत घेतो.

शून्य टिकतही नाही. टाकीतले खडक चुनखडीचे, त्यांनी महिनोन्‌महिने फॉस्फेट शोषलेलं असतं. पाणी स्वच्छ झालं की ते हळूहळू बाहेर सुटतं, आकडा पुन्हा चढतो आणि बिचाऱ्या मीडियाला शिव्या बसतात.

तेव्हा पहिला खर्च चांगल्या मीटरवर करावा. हॅनाचा फॉस्फरस मीटर असेल तर त्याचा आकडा 3.066 ने गुणून 1000 ने भागावा. लिटरमागे किती मिलिग्रॅम फॉस्फेट ते कळतं. मग खाद्य कमी करावं, गोठवलेलं खाद्य विरघळल्यावर उरलेलं पाणी टाकीत ओतू नये. तरीही आकडा चढाच राहिला तर लोहाचे दाणे घ्यावेत, पाकिटावरच्या निम्म्या मात्रेत, आणि आठवड्याने पुन्हा मोजावं. आकडा 0.03 ते 0.1 च्या दरम्यान असेल आणि प्रवाळ खुलत असतील, तर दुकानात जाऊच नका.