हॅवलॉक की नील?

पिकाचे दोन पैसे हातात राहिले, की घरात विषय निघतो : यंदा सगळ्यांना घेऊन अंदमानला जाऊ. सेल्युलर जेल बघायचे, सावरकरांनी १९११ ते १९२१ ही वर्षे जिथे काढली तिथे हात जोडायचे आणि मग दोन दिवस एखाद्या बेटावर समुद्राच्या काठी निवांत बसायचे. बेत उत्तम आहे. पण कोणते बेट, इथे घोडे अडते. आजीला झेपेल असे हवे, पोरांना खेळायला हवे, आणि खर्च एकदाच होणार, पुन्हा कधी जमेल ते सांगता येत नाही.

पोर्ट ब्लेअरहून (२०२४ पासून या गावाचे नाव श्री विजयपुरम आहे) बहुतेक मंडळी ज्या दोन बेटांवर जातात ती म्हणजे हॅवलॉक आणि नील. सत्तावन्नचे बंड मोडणाऱ्या दोन इंग्रज सेनापतींची ही नावे २०१८ च्या डिसेंबरात बदलली. आता हॅवलॉक झाले स्वराज द्वीप आणि नील झाले शहीद द्वीप. १९४३ मध्ये नेताजी तिथे गेले होते, तेव्हा त्यांनी या बेटांसाठी जे शब्द सुचवले होते तेच हे. लोकांच्या तोंडी मात्र जुनी नावे अजून आहेत. तिकीट काढताना दोन्ही लक्षात ठेवा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

हॅवलॉक मोठे, नील लहान. पण खरा फरक आकाराचा नाही, किनाऱ्याचा आहे. हॅवलॉकचा राधानगर किनारा म्हणजे लांबच लांब, मऊ, पांढरी वाळू. २००४ साली ‘टाइम’ या अमेरिकन साप्ताहिकाने त्याला आशियातला सर्वांत चांगला किनारा म्हटले, तेव्हापासून गर्दी हटलेली नाही. मागे उंच झाडांचे रान, समोर मावळता सूर्य. पायाखाली दगड लागत नाही, म्हणून समुद्रात डुंबायचे असेल तर हीच जागा. पाण्याखाली जाऊन मासे बघण्याची सोयही हॅवलॉकलाच जास्त आहे. घरात पंचविशीतली पोरे असतील तर ती हॅवलॉकच मागतील, आणि त्यांचे चुकीचे नाही.

एक मात्र बजावून सांगते. आपली पोरे विहिरीत सूर मारण्यात पटाईत असतात, त्यामुळे त्यांना पाण्याची भीती नसते. विहिरीचे पाणी जागेवर असते, समुद्राचे ओढून नेते. शिवाय या बेटांच्या खाड्यांमध्ये मगरी आहेत. राधानगरजवळच्याच एका कोपऱ्यात २०१० मध्ये एका परदेशी बाईचा मगरीने जीव घेतला. जिथे मनाईची पाटी आहे तिथे उतरायचे नाही, आणि अंधार पडल्यावर कुठेच नाही.

आता नील. इथल्या किनाऱ्यांवर पोवळ्याचे खडक फार. ओहोटी लागली की पाणी लांब मागे जाते आणि खडकांच्या खळग्यांत रंगीत मासे, खेकडे, समुद्रकाकड्या उघड्या पडतात. लक्ष्मणपूरच्या बाजूला दगडाची नैसर्गिक कमान आहे, तीही ओहोटीतच नीट जवळून बघता येते. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा आदल्या रात्रीच मुक्कामाच्या ठिकाणी विचारून ठेवा. खडक घसरडे आणि धारदार असतात, म्हणून मागे पट्टा असलेल्या रबरी चपला हव्यात. आजीला खडकांवर नेऊ नका, वरच्या वाळूत सावलीला बसवा. भरतपूरच्या किनाऱ्यावरून तळाला काच लावलेल्या नावेत बसले, की पाय न भिजवता पोवळी दिसतात.

पण शेतकऱ्याच्या घरच्यांना मी नील सुचवते त्याचे कारण निराळे आहे. अंदमानात या बेटाला भाजीपाल्याचे बेट म्हणतात. फाळणीनंतर पूर्व बंगालातून उठून आलेल्या कुटुंबांना इथे जमिनी दिल्या. त्यांनी रान साफ करून भाताची खाचरे केली, नारळ-सुपारी लावली, आणि इथली भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाऊ लागली. सीतापूर, रामनगर, भरतपूर, लक्ष्मणपूर ही गावांची नावेच बघा ना! किनाऱ्याकडे जाणारी वाट शेताच्या कडेने जाते. तुमचे आजोबा समुद्राकडे पाच मिनिटे बघतील आणि बांधावरच्या माणसाशी तासभर बोलतील. हिंदी सगळ्यांना येते, तेव्हा बोलायला अडचण नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही उन्हाळ्यात पाणी जपून का वापरावे लागते, हे त्यांना जरूर विचारा.

तेव्हा घरात म्हातारी माणसे आणि लहान मुले असतील तर नीलला दोन रात्री राहा. सगळी तरणी मंडळी असतील तर हॅवलॉक. दोन्ही करायचा हट्ट धरला तर करता येते, मधला बोटीचा प्रवास तासाभराचाच आहे. पण सामान बांधणे, धक्क्यावर थांबणे, पुन्हा खोली लावणे यात अर्धा दिवस जातो. हे काम कोणाच्या वाट्याला येते ते बायकांना सांगायला नको.

जायचे तर जानेवारी ते एप्रिल. मेअखेरीस पाऊस लागतो आणि दिवाळीच्या सुमारासही समुद्र खवळलेला असू शकतो. घड्याळ आपलेच, पण सूर्य लवकर उगवतो. थंडीत साडेपाचच्या आधीच मावळतो, म्हणून फिरणे सकाळी उरका. आधी बोटीचे तिकीट, मग खोली. हवा बिघडली तर बोट सुटत नाही, यासाठी परतीच्या विमानाआधीची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. शंख, शिंपले, पोवळ्याचा तुकडा यांतले काही पिशवीत घालू नका. पुष्कळ जातींना कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. आणि गोठ्यातली धार आठवडाभर कोण काढणार, ते तिकिटाच्या आधी ठरवा.