विंचवाचा बाप कुठे असतो?

परवा नातवाने मोबाईलवर आलेलं एक चित्र दाखवलं. विंचवीच्या पाठीवर दाटीवाटीने बसलेली पांढरी पिल्लं आणि खाली मातृप्रेमाचा मजकूर. ही माउली पिल्लांना स्वतःचं शरीर खायला देते आणि मरून जाते, असा. "आजी, हे खरंय का गं?" त्याने विचारलं. मी उगाचच चष्मा पुसत बसले. कारण मोबाईल यायच्या कितीतरी आधी हाच मजकूर मी वर्गात सांगत होते!

मी मराठी शिकवायचे. 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आली की अर्थ सांगून झाल्यावर मला चेव चढायचा. विंचवी पिल्लांना पाठीवर घेते, पिल्लं तिलाच खातात, ती हूं की चूं करत नाही. मुलींनो, आई म्हणजे काय ते हिच्याकडून शिका. वर्ग चिडीचूप व्हायचा. एखादी डोळे पुसायची. मला वाटायचं, आज तास छान झाला.

१९८०च्या दशकातली गोष्ट. असंच रंगात येऊन सांगत असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिची आई विड्या वळायची. आमच्या सोलापुरात अशा आया पुष्कळ, त्यामुळे त्यात वेगळं काही नव्हतं. ती म्हणाली, "बाई, मग विंचवाचा बाप कुठे असतो?"

सगळा वर्ग हसला. मी म्हणाले, "आगाऊपणा पुरे. खाली बस." ती बसली. तिचा बाप घर सोडून गेलाय हे मला नंतर कळलं. तिला बोलावून दोन शब्द बोलावेत असं वाटलं होतं, पण बोलले नाही. बोलणार तरी काय? उत्तर मलाच कुठे ठाऊक होतं?

आता निवृत्तीनंतर वेळच वेळ आहे, आणि नातवाला किड्यामुंग्यांचं वेड. त्याच्या नादाने मी वाचत गेले आणि माझी गोष्ट साफ खोटी निघाली. विंचवी अंडी घालत नाही, तिला जिवंत पिल्लं होतात. पोट फाडून वगैरे नाही, तर पोटाखालच्या जननरंध्रातून ती एकेक करून बाहेर येतात आणि आईच्या पाठीवर चढतात. पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-पंधरा दिवस, ती तिथे असतात. तोवर त्यांच्या अंगातल्या साठ्यावरच त्यांचं भागतं. आईला कुणी खात नाही. पिल्लं उतरून गेली की आई आपल्या वाटेने जाते, पुन्हा वितेही. उलट फार छेडलं तर कधीकधी आईच एखादं पिल्लू खाऊन टाकते. घ्या!

आणि बाप? बाप आधी येऊन गेलेला असतो. नर आपल्या चिमट्यांनी मादीचे चिमटे धरतो आणि दोघं मागे-पुढे चालत राहतात. आपण लहानपणी फुगडी घालायचो ना, तसे हात धरून. नराच्या पोटाखाली कंगव्यासारखे दोन अवयव असतात, त्यांनी तो जमीन चाचपतो. योग्य जागा मिळाली की शुक्राणूंची एक छोटी कुपी जमिनीवर उभी करतो आणि मादीला तिच्यावर ओढून आणतो. मादी ती आपल्या जननरंध्रात घेते. मग दोघांच्या वाटा वेगळ्या. क्वचित मादी नराला खाते, पण बहुतेकदा तो सुखरूप निघून जातो. पिल्लं होतात ती काही महिन्यांनी.

गेल्या पावसाळ्यात आंबोलीला गेलो होतो. तिथे ओल्या खडकाच्या कपारीत नातवाने एक प्राणी दाखवला. मसुराएवढं अंग आणि केसासारखे लांबच लांब आठ पाय. मी म्हटलं, कोळी. तो म्हणाला, "नाही आजी, हा हार्वेस्टमन." म्हणजे कापणी करणारा. युरोपात तो सुगीच्या दिवसांत दिसतो म्हणून हे नाव. तो कोळ्याचा लांबचा भाऊबंद. त्याला विष नाही, जाळं विणता येत नाही, आणि कोळ्याचे जसे दोन भाग दिसतात तसे याचे दिसत नाहीत, सगळं अंग एकसंध.

पण खरी गंमत पुढेच आहे. कोळ्याच्या नराला शिश्न नसतं. तो शुक्राणू आधी इवल्याशा जाळीवर काढतो, तोंडाजवळच्या दोन छोट्या अवयवांत भरून घेतो आणि त्यांनी मादीला देतो. हार्वेस्टमनच्या नराला मात्र खरं शिश्न असतं, एरवी शरीरात दडलेलं. बहुतेक जातींत नर-मादी समोरासमोर तोंड करून मीलन करतात. मादीला अंडी घालण्यासाठी एक लांब नळी असते, तिने ती मातीत किंवा फटीत अंडी ठेवते. यांच्या जगात साडेसहा हजारांवर जाती आहेत आणि दिसायला सारख्या असलेल्या जाती ओळखायला शास्त्रज्ञ नराचं शिश्न सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळ एक्केचाळीस कोटी वर्षांपूर्वीचे हार्वेस्टमन दगडात सापडले. त्यांचं वर्णन २००३ साली प्रसिद्ध झालं. नराचं शिश्न आणि मादीची नळी, दोन्ही त्या दगडात शाबूत! माणसाचा पत्ता नव्हता तेव्हापासून हे चाललंय आणि आपण शब्द उच्चारायला लाजतो.

ब्राझीलमधल्या काही जातींत तर बापच अंडी राखतो. एकापाठोपाठ एक माद्या येऊन त्याच्याजवळ अंडी घालून जातात आणि तो अंडीखाऊ शत्रूंपासून ती जपत बसतो. यातल्या एका जातीत, ज्याच्याजवळ आधीच अंडी आहेत असाच नर माद्यांना पसंत पडतो, असं संशोधकांना दिसलंय. उलट काही जातींच्या माद्या नराशिवायही प्रजा वाढवतात.

हे सगळं लिहायचं कारण असं की, माझं चुकलं ते केवळ माहिती नव्हती म्हणून नव्हे. माहिती मिळवता आली असती, शाळेत विज्ञानाच्या बाई होत्या. पण पिल्लं कशी होतात हा विषय निघाला की आपली जीभ अडखळते, आणि त्या रिकाम्या जागी आपण उपदेश भरतो. मी तर तो मुलींच्याच पदरात घातला. स्वतःला खाऊ देते ती चांगली आई, आणि बापाबद्दल विचारणं म्हणजे आगाऊपणा. विंचवीच्या नावाखाली मी हेच शिकवत होते.

विंचवाच्या विषाबाबत आपण शहाणे झालो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता विंचू चावला की शहाणा माणूस मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठतो. मग विंचवाच्या जन्माची मंत्रासारखी गोष्ट आपण का जपून ठेवलीय?

आता दहावीच्या पुस्तकात मानवी प्रजननसंस्था आकृतीसह आहे. तरी तो भाग "घरी वाचून या" म्हणून सोडून देणारे शिक्षक मला माहीत आहेत. तुमच्यापैकी जे अजून शिकवतात त्यांना माझं सांगणं एवढंच, थेट माणसावर बोलायला अवघडत असाल तर विंचवापासून सुरू करा. शब्द तेच येतात, शिश्न, शुक्राणू, जननरंध्र. प्राण्याच्या निमित्ताने एकदा ते मोठ्याने म्हटले की पुढचं सोपं जातं. प्राण्यांकडून नीती मात्र काढू नका. एकाचा बाप निघून जातो, दुसऱ्याचा राखण करतो. माणसाने काय करायचं ते माणसाने ठरवायचं.

नातवाला मी सगळं सांगितलं, शब्द न गाळता. स्वयंपाकघरातून सूनबाई म्हणाल्या, "अहो आई, जेवायच्या वेळी?" म्हटलं, आधीच चाळीस वर्षं उशीर झालाय.

ती मुलगी आता पन्नाशीत असेल. कुठे आहे ठाऊक नाही. पण बाळ, तुझा प्रश्न आगाऊ नव्हता. त्या तासाला वर्गात तेवढंच एक शहाणं वाक्य बोललं गेलं होतं, आणि ते मी बोलले नव्हते.