दव किती वाजता वितळले?

दर हिवाळ्यात निफाडचा पारा पहिल्या पानावर येतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा आणि त्याखाली द्राक्षाच्या पानावर गोठलेल्या दवाचे छायाचित्र. मग चहाच्या टपरीवर ठरलेला प्रश्न निघतो : एवढी हुडहुडी भरली आहे, मग पृथ्वी तापतेय म्हणणारे गेले कुठे?

छायाचित्र पहाटेचे असते. दहा वाजता त्याच बागेत जाऊन पाहावे. पांढरे काही उरलेले नसते. ओली काळी माती ऊन पीत पडलेली असते. आभाळ निरभ्र होते, वारा पडला होता, जमिनीने आपली ऊब रातोरात वर सोडून दिली. म्हणून दव गोठले. सूर्य वर आला आणि ते संपले. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून ज्याने बागेत शेकोट्या पेटवल्या, पहाटे ठिबक सुरू केले, त्याचा घोर खरा आहे. पण त्या दवावरून पृथ्वीची प्रकृती सांगता येत नाही.

ती सांगायला उन्हात टिकणारा बर्फ लागतो. ताजे हिम अंगावर पडलेले ८० ते ९० टक्के ऊन परत धाडते. ऊन परत गेले की गारवा राहतो, गारवा राहिला की बर्फ टिकतो. पांढरा रंग हेच त्याचे चिलखत. हा व्यवहार उलटाही तितकाच चोख चालतो. समुद्रावरचा बर्फ थोडा वितळला की खालचे गडद पाणी उघडे पडते. ते नव्वद टक्क्यांहून अधिक ऊन गिळते, तापते आणि शेजारचा बर्फ वितळवते. मग आणखी पाणी उघडे पडते. मुद्दल आपल्या धुराड्यांचे. त्यावरचे व्याज समुद्र लावतो.

हे व्याज चढते आहे. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावर १९८० च्या दशकात उन्हाळा सरताना, सप्टेंबरात, सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ मध्ये तो ३४ लाखांवर आला. त्यानंतर थोडा कमी-जास्त झाला. ७० लाखांच्या जवळपासही पुन्हा गेला नाही. १९७९ पासून तो प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. कारणे अनेक आहेत. पांढरा रंग जाणे हे त्यातले मोठे.

निफाडचा आकडा जरूर छापावा. बागायतदाराला रात्रीची तयारी करायची असते, त्याला तो हवाच. पण त्याच आकड्याला पृथ्वीच्या तापाविरुद्ध साक्षीला उभे करायचे असेल, तर शेजारी आणखी एक नोंद द्यावी : दव किती वाजता वितळले? 'साडेआठ' एवढे उत्तर आले, तरी साक्षीदाराची उलटतपासणी पुरी झाली.