आत्याचं नाव

सर्वपित्री अमावास्येला आमच्या घरी एक अडखळायची जागा ठरलेली असते. भटजी एकेक नातं उच्चारतात आणि अण्णा नावं सांगत जातात. वडील, आजोबा, पणजोबा, काका, मामा. मग भटजी विचारतात, "आत्या?" आणि अण्णा गप्प होतात. आत्या होती हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. चार-पाच वर्षांचे असताना तिनं मांडीवर घेऊन बदाम दिले होते, हेही आठवतं. पण नाव कधी कानावर पडलंच नाही. घरात सगळे तिला 'इंदूरची' म्हणायचे.

अण्णांना नव्वदावं लागलं तेव्हा ते मला म्हणाले, "तू एवढं लिहितेस, तर मला तेवढं एक नाव शोधून दे."

मला वाटलं, त्यात काय अवघड! माझी भाची अमेरिकेत आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मुलखात राहते. तिची शेजारीण शेतकरीण बाई. तिनं आपल्या पणजीचा ठावठिकाणा घरबसल्या चार संध्याकाळींत शोधून काढला, म्हणे. तिकडं दर दहा वर्षांच्या जनगणनेचे कागद 72 वर्षांनी सगळ्यांना खुले होतात. 1950 सालचे 2022 मध्ये झाले. 1850 पासून त्यांत घरातल्या बायकापोरांचीही नावं आहेत. (गुलामांची मात्र तेव्हा नावं नव्हती, नुसती वयं लिहिलेली होती. सगळं काही चांगलं तिकडंच असतं असं नाही.) शिवाय चर्चच्या वह्या आणि दफनभूमीतले दगड आहेत. पणजीचं माहेरचं आडनाव तिला एका दगडावरच सापडलं.

आपल्याकडं दगड नाहीत, आपण अस्थी नदीत सोडतो. जनगणना 1881 पासून 2011 पर्यंत नेमानं होत आली, पण 1948 च्या कायद्यानं घराघरातली माहिती बंद ठेवलेली आहे, ती कुणालाही बघता येत नाही. मग राहिला आमचा घरचा वंशवृक्ष. तो मी भिंतीवरून काढून खिडकीपाशी नेला. आजोबांना दोन भाऊ, तिघांच्या फांद्या पानापानांनी भरलेल्या, आणि बहिणीची फांदीच नाही. शेताच्या जुन्या उताऱ्यावर तिघे भाऊ. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आजोबांच्या हातची नोंद सापडली, तिच्यातही तिघे भाऊ आणि मातोश्री. लेक लग्न होऊन गेली की ती सासरच्या वहीत जाते, असं तिथल्या गुरुजींनी समजावून सांगितलं. हरिद्वारच्या अशा वह्यांचे फोटो अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या एका संस्थेनं 1970 च्या दशकापासून काढून ठेवले आहेत. म्हणजे आमच्या पुरुषांची नावं सातासमुद्रापार पोचली आणि आत्या बेळगावातच हरवली.

एक मात्र लक्षात आलं. माझं स्वतःचं नाव माहेरच्या जमिनीच्या कागदावर फक्त एकदा आलंय. 2005 च्या कायद्यानं लेकींना मुलांच्या बरोबरीनं वाटा दिला, त्यानंतर भावासाठी मी हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा. आत्यावर तीही वेळ आली नाही.

आजोबांच्या पत्त्यांच्या वहीत 'सियागंज, इंदूर' असं लिहिलेलं होतं आणि पुढं एका पेढीचं नाव. तेवढ्या धाग्यावर मी आणि धाकटा भाऊ निघालो. आत्याच्या काळी बेळगावहून पुण्यापर्यंत छोटी लाइन, पुण्याहून खंडव्यापर्यंत मोठी आणि पुढं इंदूरला पुन्हा छोटी. त्या शेवटच्या लाइनीसाठी तुकोजीराव होळकरांनी 1870 साली इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. आत्या त्या लाइनीनं सासरी गेली आणि त्याच लाइनीनं एकदाच माहेरी आली, तीसुद्धा माझी पणजी वारल्यानंतर.

सियागंज म्हणजे इंदूरचा किराण्याचा ठोक बाजार, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. हातगाड्या, हमाल, पोत्यांच्या थप्प्या. जिरं, हिंग आणि वेलचीचा वास एकमेकांत मिसळलेला. एका दुकानावर तिपटूरच्या खोबऱ्याची पाटी आणि शेजारी ब्याडगी मिरचीची पोती बघून मला उगाच घरच्यासारखं वाटलं. पेढी कधीच बंद झाली होती. पण तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या मुनीमजींनी कपाळावर हात ठेवून विचार केला आणि म्हणाले, "वो मराठी मुनीम? उनके पोते तो ऊपर ही रहते हैं।"

लाकडी जिना चढून वर गेलो. आत्याचा नातू सत्तरीचा. त्यानं दार उघडलं आणि आम्ही कोण हे कळल्यावर म्हणाला, "अरे, तुम्ही तर आजीच्या माहेरचे येऊन राहिले!" त्यांच्याकडं आत्याचं सासरचं नाव होतं, तांदळात लिहिलेलं. गोत्र होतं. माहेरचं नाव मात्र त्यांनाही ठाऊक नव्हतं. आळीतले लोक तिला 'कानडी मामी' म्हणत.

"आजीच्या माहेरी फार गरिबी होती ना?" नातसुनेनं हळूच विचारलं.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. तीन भावांचा वाडा, पाण्याखालची शेती. गरिबी कसली?

तेव्हा नातवानं एक कार्ड काढलं, आजोबांचं, 1937 सालचं, मोडीतलं. वरचा कोपरा कसरीनं खाल्लेला, मायना गेलेला, खालचा भागही गेलेला. त्यांनी ते कुणा मोडी जाणणाऱ्याकडून बाळबोधीत उतरवून घेतलं होतं. तेवढ्याच ओळी उरलेल्या: 'यंदा पाऊस ओढला आहे. आई दिवसभर तंगी तंगी करते.'

"बघा," तो म्हणाला, "पाऊस नाही, घरात पैशाची तंगी. म्हणून तर आजीला कुणी माहेरी बोलवून राहिलं नाही. आजोबा सांगायचे, माहेरच्यांवर बोजा नको."

वाचकहो, तुमच्या घरात दोन्ही भाषा आहेत. तंगी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. आजोबा बहिणीला तंगी म्हणत असणार, धाकटी बहीण. मग सगळं घरच म्हणायला लागलं असेल, आईसुद्धा. आमच्याकडं अजूनही असंच होतं, माझ्या मुलाला सगळी गल्ली 'तम्मा' म्हणते. पणजी पैशासाठी झुरत नव्हती. ती लेकीला हाका मारत होती. इंदूरला त्या हाकेचा अर्थ निघाला, येऊ नको, इथं खायला नाही.

हे त्या घरात कसं सांगावं ते कळेना. शेवटी भावानं सांगितलं. नातू बराच वेळ कार्डाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आजीला तर वाचता येत नव्हतं. आजोबाच वाचून दाखवायचे."

आजोबांना कानडी येत होतं का, ते मी विचारलं नाही. आत्यानं कार्ड कानांनी ऐकलं असेल तर तिला तो शब्द कळलाच असेल, असं मला वाटतं. भावाला वाटतं की तिला ते वाचून न दाखवता नुसतं सांगितलं असेल. गाडीत आम्ही पुण्यापर्यंत त्यावरच बोलत होतो.

नाव नाहीच मिळालं. अण्णांना मी सगळं सांगितलं, कार्डाचा फोटो दाखवला. त्यांनी भिंग घेऊन त्या दोन ओळी पुन्हा पुन्हा बघितल्या. माझ्याशी काहीच बोलले नाहीत.

यंदाच्या सर्वपित्रीला भटजी यादी वाचत त्या जागी आले. "आत्या?"

अण्णांनी आधी सासरचं गोत्र सांगितलं. मग म्हणाले, "तंगी."

भटजी हुक्केरीकडचे. त्यांचा हात थांबला. "अण्णा, हे नाव नव्हे. तंगी म्हणजे..."

"मला ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "घ्या तेच."