चैत्रातला घरबाजार

शिमग्याचे ढोल थांबले आणि काजूची बोंडे पिकू लागली, की आमच्या खेड्यांत घराच्या कामांना वेग येतो. पावसापूर्वी पाया भरावा, चिरे चढवावेत, निदान जुन्या घराचे नळे परतून घ्यावेत, अशी प्रत्येक गृहस्थाची धडपड असते. याच दिवसांत आता आणखी एक हंगाम रंगू लागला आहे, तो जमिनींच्या सौद्यांचा. पेडणे महालात तो विशेष जाणवतो. 11 डिसेंबर 2022 रोजी मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जेथे काजू व नाचणीपलीकडे फारसे काही नव्हते, त्या माळरानांकडेही दलालांची पावले वळली.

जमीनमालकाला चांगला भाव मिळू नये, असे आम्ही म्हणणार नाही. भारतीय नागरिकाला देशात कोठेही वास्तव्य करण्याचा अधिकार घटनेनेच दिला आहे. तेव्हा परप्रांतीयांच्या नावाने बोटे मोडण्यातही अर्थ नाही. दुखणे निराळे आहे. येथील भाव गावातल्या मिळकतीवर ठरत नाही, तो दूरच्या महानगरांतील शिलकीवर ठरतो. शिक्षक, बसचालक वा रेंदेर यांच्या मुलाने आयुष्यभर काटकसर केली, तरी स्वतःच्या गावात चार खोल्यांपुरती जागा त्याला परवडत नाही. उलट, विकत घेतलेली घरे वर्षाचे बहुतेक महिने कुलूपबंद राहतात. 2011 च्या जनगणनेत गोव्यातील सुमारे पाचांतील एक घर रिकामे आढळले होते. ज्या घरात दिवेलागणीला दिवा लागत नाही, ते गावाच्या शाळेला मूल देत नाही आणि देवळाच्या उत्सवाला माणूस देत नाही.

कायदे नाहीत असे नव्हे. 1975 च्या कायद्याने मुंडकाराला संरक्षण आणि घर विकत घेण्याचा हक्क दिला. परंतु मामलेदार कचेरीतील तारखा मोजता मोजता पिढी सरते. 2023 च्या कायद्याने भातशेतीच्या विक्रीवर निर्बंध आले. काजूचे डोंगरउतार मात्र त्या कुंपणाबाहेर राहिले. त्यातच, एक-चौदाच्या उताऱ्यावर दहा-बारा सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यांतील परगावी स्थायिक झालेल्या एकाने आपला अविभक्त हिस्सा विकला, की घरात राहणाऱ्या भावंडांच्या अंगणात परक्याचा हक्क येतो.

म्हणून सरकारने मुंडकारांचे खटले मुदत घालून निकालात काढावेत. प्रादेशिक आराखड्यात बदल करण्यापूर्वी ग्रामसभेचे मत घ्यावे आणि गावठाणालगत रहिवाशांसाठीच माफक दरांचे भूखंड राखून ठेवावेत. ग्रामस्थांनीही वेळीच वाटण्या करून घ्याव्यात आणि वडिलार्जित जागा विकण्यापूर्वी निदान आप्तांना विचारावे. पैसा चार पावसाळ्यांत सरतो. एकदा हातची गेलेली जमीन पुढच्या पिढीला त्या भावात परत मिळत नाही. नव्या वर्षाची गुढी उभारायला अंगण लागते, आणि ते अंगण आपल्या मुलांसाठी राखणे अद्याप आपल्या हाती आहे.