बीपी लो आहे. मग पुढं?

मी मुंबईच्या गोदीत हमाली करतो. मॅट्रिक झालोय. डॉक्टरकीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण गोदीत एक गोष्ट शिकलो. क्रेनच्या वायररोपाची तार तुटलेली दिसली की काम थांबतं. वरून ग्रीस फासून कोणी पुढं जात नाही. कारण खाली माणसं असतात.

आष्ट्यात माझी धाकटी बहीण आहे. वय 19. चार महिने उठली की डोळ्यांपुढं अंधारी. दोनदा भांगलताना रानात पडली. बीपी 80/50. डॉक्टरचं एकच पालुपद : लो बीपी, पोरींना असतंच. सलाईनची बाटली लावायची, नोटा मोजून घ्यायच्या, घरी पाठवायचं. दोन दिवस बरं. तिसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण.

आई म्हणाली, "डाक्टरसाब, पोरगी अशी काळी न्हवती वं. हाताच्या रेघा बघा, हिरड्या बघा. नुस्तं मीठ खातीया."

तो हसला. "तुमच्या वस्तीतल्या पोरी गोऱ्या कधी असतात?"

आमची जात त्यानं बरोबर वाचली. कातडीवर लिहिलेला रोग मात्र त्याला वाचता आला नाही!

मी खाडे करून गावी गेलो. मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी मागितली. "कशाला पैसे घालवता?" म्हणाला. म्हणजे सलाईनला घातले ते पैसे नव्हते? चिठ्ठीशिवायच पोरीला मिरजेला नेलं. तिथं सकाळी रक्त घेऊन कॉर्टिसॉल तपासलं, फोटो काढला. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी टीबीनं खाल्ल्या होत्या. ॲडिसनचा रोग. थॉमस ॲडिसननं लंडनमध्ये 1855 सालीच तो लिहून ठेवलाय, काळवंडणाऱ्या कातडीसकट. अंगात मीठ टिकत नाही, म्हणून बीपी पडतं. म्हणूनच पोर मीठ खाते, म्हणूनच सलाईननं दोन दिवस बरं वाटतं. माझ्या अडाणी आईनं सगळं सांगितलं होतं. ऐकायला कान नव्हता. आणखी एखाद्या तापात पोर गेली असती. आता टीबीचं औषध चालू आहे, आणि हायड्रोकॉर्टिसोनची गोळी जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही.

प्रत्येक लो बीपी म्हणजे ॲडिसन नव्हे. तो विरळाच. कित्येक तरण्या पोरांचं बीपी मुळातच कमी असतं नि काही बिघडत नाही. पण जी पडते, वाळत जाते, तिला कारण मिळालंच पाहिजे. कधी थायरॉईड असेल, कधी हृदय, कधी अंगात रक्तच नसेल. 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत शंभरातल्या 54 जणींचं रक्त कमी निघालं. ही 'पोरींना असतंच' म्हणून सोडायची गोष्ट आहे?

मित्रांनो, पुढच्या वेळी बाटली लावायच्या आधी विचारा. आडवं झोपवून आणि उभं करून, दोन्ही वेळा बीपी मोजलं का? हिमोग्लोबिन, साखर, सोडियम, पोटॅशियम बघितलं का? जमत नसेल तर पुढची चिठ्ठी मागा. चिठ्ठी ही भीक नव्हे, हक्क आहे. डॉक्टर चिडेल. चिडू दे.

तार तुटलीय. खाली आपलं माणूस आहे.