पसंतीक्रम लिहिताना

बारावीचे वर्ग सुरू झाले की वकील होऊ इच्छिणारी आपल्या विद्यालयाची मुले माझ्याकडे महाविद्यालयांची यादी घेऊन येतात. ती यादी बहुधा दोनच प्रकारची असते. एकीत बंगळूर, हैदराबाद, दिल्ली एवढीच नावे. दुसरीत जिल्ह्याच्या गावचे एकच महाविद्यालय. पहिली उत्साहाने लिहिलेली, दुसरी भीतीने. दोन्ही अपुऱ्याच, पण दुसरी मला अधिक बोचते.

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची परीक्षा निराळी असते, हे पहिल्या यादीच्या मालकास पुष्कळदा ठाऊक नसते. क्लॅट अलीकडे डिसेंबरात होते. बारावीच्या निकालानंतर जागे होणाऱ्यास ते दार बंद झालेले असते. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील राष्ट्रीय विधी विद्यापीठांत राज्यातील रहिवाशांसाठी राखीव जागा आहेत, तरी ही नावे यादीत क्वचितच दिसतात.

राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते. तिच्या गुणांवर, १९३५ साली बाबासाहेब ज्याचे प्राचार्य झाले ते मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे आयएलएस यांची दारे उघडतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. अवघड नाव वर लिहिल्याने खालची जागा हातची जात नाही. गुणवत्तेनुसार वरून खाली पाहूनच जागा दिली जाते. म्हणून दोन नावे आवाक्याबाहेरची वाटणारी, तीन-चार आपल्या गुणांच्या जवळपासची आणि दोन हमखास मिळणारी असावीत. हमखास मिळणाऱ्या महाविद्यालयास बार कौन्सिलची मान्यता आहे ना, एवढे मात्र आधी पाहावे.

खरा अडसर खर्चाचा. राष्ट्रीय विद्यापीठाचे वार्षिक शुल्क लाखांत जाते. शासकीय महाविद्यालयाचे परवडते, पण मुंबईतली खोली परवडत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे शुल्क, मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची नोंद हवी. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, अटींत बसल्यास, स्वाधार योजनेचा आधार आहे.

गेल्या वर्षी एका मुलीच्या यादीतून तिच्या वडिलांनी मुंबईचे नाव खोडले. “पोर तिथं राहील कुठं?” त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुंबईत स्थिरावलेले आपले कितीतरी माजी विद्यार्थी ही स्मरणिका वाचतील. त्यांच्यापैकी एकाचा दूरध्वनी क्रमांक त्या दिवशी माझ्याकडे असता, तर ते नाव खोडले गेले नसते.